तिसरा घोडा

संग्रहालयात तिला सगळे बोळेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला आता काही वाटेनासंही झालं होतं. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, जुन्या चित्रावर नखाएवढ्या जागेत फिरवायचा, मळला की टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. उभा जन्म ह्यात गेला. मान धरली, डोळे अधू व्हायला लागले, बोटांचा वास साबणानेही जाईना. लोकांना वाटतं, जुनी चित्रं दुरुस्त करायची म्हणजे काय मजेचं काम! कसली मजा आणि कसलं काय. एखाद्या राजाच्या नाकावरची काजळी काढण्यात आठवडा जातो, आणि शेवटी लोक म्हणतात, वा, राजा काय दिसतोय!

हे काम तिला बाबांकडून आलं. निवृत्त होईपर्यंत तळघरातल्या ह्याच खोलीत, ह्याच टेबलाशी ते बसत. त्यांचा फोटो भिंतीवर होता आणि खाली त्यांचं वाक्य: ‘चित्रात नव्हतं ते आपण घालायचं नाही.’ नवा माणूस कामाला लागला की संचालक त्याला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवत. तेवढ्यात बोळेबाई आपला चहा पिऊन घेई.

तर त्या आठवड्यात टेबलावर बुद्धिबळाचं चित्र आलं होतं. खिडकीपाशी एक म्हातारा आणि एक तरुण मुलगी, मधे पट. म्हाताऱ्याकडे पांढरे मोहरे, मुलीकडे काळे. मुलीने गालाला हात लावलाय. डाव ऐन रंगात आलाय आणि मुलगी पुढची चाल शोधतेय, असं गाइड पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. बोळेबाई पिवळं पडलेलं व्हार्निश काढत काढत पटापर्यंत आली. काळ्या राजाशेजारच्या घोड्यावरून तिने बोळा फिरवला, तर बोळा काळाकुट्ट झाला.

आता, जुना तेलरंग असा सुटत नाही. तो दगड झालेला असतो. म्हणजे घोडा मागाहून कुणीतरी घातलेला. तिने भिंग लावलं. घोड्याच्या आयाळीचे बारीक फटकारे उलट्या बाजूला कललेले होते. डावखुऱ्या माणसाचे. ह्या खोलीत डावखुरा माणूस एकच बसला होता, आणि तो भिंतीवरून तिच्याकडेच बघत होता.

तिला आधी आला तो राग. शिकत असताना तिने एका झाडाला एक पान स्वतःच्या मनाने जास्त काढलं होतं, तर ह्या माणसाने आठवडाभर अबोला धरला होता. आणि स्वतः? अख्खा घोडा!

संचालक खाली आले, बघून गेले. “शुक्रवारी अहवाल द्या. कोणी घातला ते कळलं तर नाव लिहा, नाही तर ‘अज्ञात’ लिहून मोकळ्या व्हा,” म्हणाले. त्यांना कुठला संशय यायला? पण नाव लिहिलं तर काय होणार, हे बोळेबाईला पुरतं कळत होतं. बाबांनी हात लावलेलं प्रत्येक चित्र पुन्हा तपासलं जाणार. जन्मभर कमावलेलं नाव एका घोड्यापायी मातीत जाणार. बाबांना विचारावं, तर ते कसलं उत्तर देणार?

बाबांना हल्ली काही आठवत नसे. आपण जेवलो की नाही, हेसुद्धा. पोटच्या पोरीला ते ‘अहो बाई’ म्हणत, कुणीतरी देखभालीला ठेवलेली असावी तसे. ती दिवसभर बोळे फिरवून घरी यायची आणि मग त्यांची आंघोळ, त्यांची औषधं, त्यांच्या त्याच त्या चौकशा. कंटाळा येई, खोटं कशाला बोला. तरी तिने संध्याकाळी चित्राचा मोठा फोटो त्यांच्यापुढे ठेवलाच.

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला. “हे कुणी केलं?”

“काय केलं?”

“अहो बाई, काय केलं काय विचारता? सगळ्या पटाला जुन्या रंगाच्या भेगा आहेत, ह्या घोड्याला एक नाही. मागाहून घातलाय कुणा गाढवाने.”

तिने फोटो त्यांच्याजवळ सरकवला. “खेळ येत नसेल त्याला.”

“छे! चांगला येतो. हे बघा, काळ्याचे दोन्ही घोडे मेलेत, पटाबाहेर पडलेत. प्यादं शेवटच्या घरात नेऊन घोडा मिळवला म्हणावं, तर प्यादी सगळी पटावर. मग हा तिसरा आला कुठून? तबेल्यातून?” स्वतःच्याच विनोदावर ते हसले. “मोजणाऱ्याला कळावं म्हणून मुद्दाम तसा घातलाय. लबाड आहे, पण अगदीच बेइमान नाही.”

इतकी माणसं चित्रापुढून गेली, एकाने घोडे मोजले नव्हते. तिनेही नाही.

“आणि जागा बघा,” बाबा म्हणाले, “पांढरा हत्ती आणि काळा राजा, ह्यांच्या बरोबर मधे. काढा बघू घोडा. शह! राजाला जायला घर नाही. संपला डाव. पोरगी केव्हाच हरलीये.”

“मग घातला कशाला?”

बाबांनी चित्रातल्या मुलीच्या गालावर बोट ठेवलं. “बघवलं नसेल हो त्याला. असं तोंड करून बसलेलं पोर घरात असेल एखादं. काही बापांना बोलायला जमत नाही. मग असले उद्योग करतात.”

हे चित्र पूर्वी दुरुस्तीला बाबांच्या टेबलावर आलं होतं, त्या वर्षी ती लग्न मोडून माहेरी परतली होती. सगळा उन्हाळा तिने खिडकीशी बसून काढला. आई रडायची, काका उपदेश पाजायचे. बाबा मात्र सकाळी डबा घेऊन जात, संध्याकाळी येत, आणि तोंडातून चकार शब्द काढत नसत. ह्यांना काहीच वाटत नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. तो राग तिने आजपर्यंत पोसला होता, आणि इकडे हा माणूस हरलेल्या पोरीसाठी घोडा रंगवत बसला होता. तिला रडू फुटलं.

“रडता कशाला बाई? कापसाने निघेल तो.”

“आणि नाव लिहायचं का?”

“म्हणजे काय! लिहायचंच. आज घोडा घातलाय, उद्या हत्ती घालेल.”

घोडा निघायला दोन दिवस लागले. तिनेच काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग अहवालात तिने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. संचालकांनी ते वाचून दार लोटून घेतलं. “बाई, वडील आहेत तुमचे.”

“म्हणून तर हात ओळखला,” ती म्हणाली.

घरी आली तेव्हा बाबा दाराकडे डोळे लावून बसले होते. सकाळचं दुपारी न आठवणारा माणूस, पण हे बरोबर लक्षात होतं. “तो घोडेवाला सापडला का हो?”

“सापडला.”

“नाव लिहिलंत?”

“लिहिलं, बाबा.”

“उत्तम.” त्यांनी मान डोलावली. ती चप्पल काढून आत निघाली, तशी त्यांनी पुन्हा हाक मारली. “अहो बाई, त्याच्या त्या पोरीचं काय झालं पुढे? काही कळलं का?”

ती मागे वळली.

“बरं चाललंय तिचं,” ती म्हणाली. “दमते फार. पण बरं चाललंय.”