भोंगा वाजला, टाळी नाही

शनिवारची दुपार, चिखल्याची खाण कॉलनी. भंडाऱ्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेचा फॉर्म खिशात राहून राहून मऊ पडला होता... आणि तो द्यायचा आज शेवटचा दिवस. गोष्ट ऐंशी सालाच्या पुढची.

आदल्या वर्षी याच स्पर्धेत मी नाक कापून घेतलं होतं. बेंच प्रेसचा नियम साधा... बाकावर उताणं पडून वजनाचा दांडा छातीवर आणायचा, स्थिर धरायचा, पंचाने टाळी वाजवली की मगच वर ढकलायचा. मी तिन्ही वेळा टाळीच्या आधीच ढकलला. तिन्ही वेळा बाद!

कॉलनीतून ट्रकभर माणसं बघायला आली होती. परतताना कोणी माझ्याकडे बघेना.

म्हणून या वर्षी फॉर्म आणला तेव्हा बाबा भडकले. "पुन्हा कायले जाऊन राहिला गा? एक बार हसू झालं, तेवढं पुरे नाही झालं काय?"

पण मी हट्टाला पेटलो होतो. तडक मोतीरामभाऊंकडे गेलो. ते खाणीच्या तोंडाशी घंटीवाले... माणसं पिंजऱ्यात नीट उभी राहिली की हे घंटी द्यायचे, मगच पिंजरा खाली जायचा. घंटीआधी कोणी हललं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार!

"भाऊ, मले थांबायचं शिकवा."

"शिकवतो. पण मी म्हणीन तवाच फॉर्मवर सही कराची."

आमच्या आखाड्यात खाणीतल्या जुन्या ट्रॉलीची चाकं लावलेला दांडा होता. चार महिने रोज मी तो छातीवर घ्यायचो आणि भाऊ पायाशी उभे राहायचे. कधी लगेच टाळी... कधी तंबाखू मळून, चुना लावून, तोंडात टाकून झाल्यावर. मनातल्या मनात फार शिव्या घातल्या त्यांना, खोटं कशाला बोलू!

तर त्या शनिवारी भाऊ म्हणाले, "आज पाहू, तू तयार हायेस का नाही."

दांडा छातीवर आला. मी थांबलो... टाळी नाही.

आणि तेवढ्यात चारचा भोंगा वाजला, पाळी सुटल्याचा! आम्ही जन्मापासून भोंग्यावर हलणारी माणसं. भोंगा झाला की हातातलं काम सुटायचं, चुलीवर चहाचं आधण चढायचं. दांड्याच्या दोन बाजूंना सांभाळायला उभे असलेले माझे दोस्तसुद्धा चक्क दाराकडे वळले.

माझेही हात उसळायला निघाले होते, देवाशप्पथ. पण नाही हललो. दात आवळले आणि भाऊंच्या हातांकडे बघत राहिलो. आज नाही तर कधीच नाही, हे एवढंच डोक्यात होतं.

टाळी वाजली. दांडा वर गेला.

मी उठून ओरडलोच, "भोंगा झाला ना भाऊ, मरत होतो मी!"

"भोंग्याची वेळ मले ठाऊक नव्हती काय बे?" भाऊ हसले आणि माझ्यासमोर पाठ वाकवून उभे राहिले. "ठेव कागद. कर सही."

त्यांच्या पाठीवरच मी फॉर्म भरला. अक्षर वेडंवाकडं आलं, चाललं.

भंडाऱ्यात माझा नंबर आला चौथा. पदक-बिदक काही नाही... पण तिन्ही लिफ्ट पास! भाऊ आता नाहीत. अजूनही कुठे घाई झाली की मला त्यांचे ते न वाजणारे हात आठवतात, आणि मी थांबतो. फार उपकार आहेत त्या माणसाचे.

आणि हो... भंडाऱ्यात त्या दिवशी बाबा आले होते. न सांगता, पहिल्या रांगेत. मी बेंचवर असेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते म्हणे... चुकून आपलीच टाळी आधी वाजायला नको म्हणून.