मोडीच्या डब्यातली घुगरी

"हात लावू नको त्याला, लावू नको म्हणते ना!" काकी एवढ्या जोरात ओरडली की तांड्यातली कुत्री भुंकायची विसरली. दिवाळीची सकाळ. अंगणात आमची याडी, म्हणजे आई, ओढणी मागं सारून केसांतली चांदीची घुगरी सोडवायला निघाली होती. तिचा हात तसाच वर राहिला.

घुगरी मीच आणली होती. आमच्या बंजारा बायकांच्या केसांत, कानांजवळ दोन्ही बाजूंनी लोंबते ती. लग्नात गुंफतात, नवरा असेपर्यंत उतरत नाही. याडीच्या जुन्या जोडीतली एक पाणी शेंदताना विहिरीत गेली, तेव्हापासून काकीचा टोमणा ठरलेला, "माझ्या दिराचं नशीब अर्धंच राहिलं." त्या साली याडीचा गुडघा धरला, म्हणून बापू, म्हणजे माझा बाप, दसरा झाल्यावर एकटाच ऊसतोडीच्या ट्रकात बसून गेला. त्याच्या माघारी दिवाळीला याडीला नवी जोडी घालीनच, असं मी चारचौघांत बोलून बसलो.

बोलायला काय जातं. पण घुगरी घडवणारे सोनार संपले होते. जीपच्या मागच्या पायरीवर लटकून मी हिंगोली गाठली, कळमनुरी पालथी घातली, डोंगरकडा गावात तर सोनार संपले म्हणून न्हाव्यालाही विचारलं. एका सराफानं पैंजण दाखवले. दुसऱ्यानं चहा पाजला, म्हैस बुडंल एवढा. "ते आता कोण घालतं, भाऊ?" सगळ्यांचं एकच. शेवटी सेनगावात एका म्हाताऱ्या सोनारानं आटवायला ठेवलेल्या मोडीचा डबा माझ्यापुढं उपडा केला. त्यात एक जोडी, काळी पडलेली, पण घुंगरू न घुंगरू शाबूत. लिंबानं घासली तर अशी चमकली की तिच्या उजेडात जीप दिवे न लावता घरी आली असती.

याडीनं दिवाळीला ती घातली. हसलीसुद्धा. मग काकीनं विचारलं, "घडवली कुठं?"

"घडवली न्हाई. मोडीच्या डब्यातून शोधून काढली," मी छाती फुगवून सांगितलं.

अंगण गार पडलं. याडीचा हात केसांकडं गेला, आणि काकी ओरडली. चांगली घुगरी मोडीत केव्हा जाते, ते आमच्यात लेकरालाही ठाऊक असतं. नवरा गेला की बाईच्या केसांतून उतरवतात, तेव्हा. मला तेवढं आनंदात आठवलं नव्हतं. आता ठेवावी तर कुणाच्या तरी मरणाची खूण डोक्यात, काढावी तर नवरा जिवंत असताना आपल्याच हातानं उतरवल्यासारखं.

"मंग करू काय?" याडीनं विचारलं.

"काहीच करू नको. तो येऊ दे," काकी म्हणाली.

त्या हिवाळ्यात घुगरी वाजली की घर गप्प व्हायचं. याडीनं मान हलवणंच सोडलं. कुणी हाक मारली तर अख्खी वळायची, उसाच्या ट्रकसारखी. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. रस्त्यावर जीप थांबली की तव्यावरची भाकरी करपलीच म्हणून समजा. कोणाची होती ती, हे विचारायला मी पुन्हा सेनगावला गेलो. सोनार मान वर न करता म्हणाला, "डब्यातल्या मालाला गाव नसतं."

होळी जवळ आली. ट्रक परतू लागले. सगळे आले, बापूचा तेवढा नाही. याडीशी बोलताना बाया जमिनीकडं बघू लागल्या. काकीनं तर टोमणे मारायचंही थांबवलं.

होळीच्या आदल्या संध्याकाळी बापू पायवाटेनं चालत आला, डोक्यावर बोचकं, उसाच्या फडातली सगळी काजळी अंगावर. याडी भिंत धरून उठू लागली. काकीनं त्याला अंगणातच अडवलं, दंड चाचपले, घुगरीची सगळी कथा एका दमात सांगितली आणि दरडावून विचारलं, "खरं सांग, तितं तुला काहीच झालं न्हाई?"

बापूनं बोचकं खाली ठेवलं.

"मला काय होतंय? ट्रकचं टायर फुटलं, साखरा गावाजवळ."