डोक्यावरून कानापर्यंत

"ओढ, अजून ओढ हात!" शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोर बाबा माझ्यावर असे ओरडत होते, की करोंदच्या धान्यमंडीतले हमाल पोती टाकून बघायला आले असते.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी कसोटी एकच. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाती आला तर मूल शाळेजोगतं, नाहीतर घरी परत. माझं डोकं तेव्हा कारखान्याच्या पाण्याच्या टाकीएवढं होतं आणि हात पेरूच्या देठाएवढे. अंतर कमी व्हावं म्हणून बाबांनी आदल्या दिवशी माझ्या डोक्याचा चकोट करून आणला होता. वर आईनं वाटीभर तेल चोपडलं. हात घसरला झकास, पण कानाच्या अलीकडेच थांबला.

आई दाराशी उभी होती. टाउनशिपच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं म्हणून पांढरी साडी इस्त्री होऊन तयार होती. मला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे सगळं त्या कानावर येऊन अडलं होतं. मी मान अशी वाकडी केली की ती आजवर सरळ झालेली नाही.

"गर्दन सीधी रखो, बेटा," बाई म्हणाल्या. मग बाबांकडे वळून, "भाईसाब, बच्चा अभी छोटा है. अगले साल लाइए."

घरी येताना बाबा आईला समजावत होते, "अगं, वर्षभरात हात वाढेल त्याचा."

"वाढेल," आई म्हणाली. "दवाखान्यातली जागा तोवर भरलेली असेल."