गुरुवारचे पाच व्हॉल्व्ह

गुरुवार, २० नोव्हेंबर. काम : चाचणीच्या स्टँडची काचेची नळी उतरवून धुणे, मिठाचं पाणी नव्यानं भरणे, कुठे गळतं का ते पाहणे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. गुरुवार ही आमच्या पट्ट्यातली कारखान्यांची सुट्टी. तरीही मी संत तुकाराम नगरहून निघाले, भोसरीला बस बदलली आणि चाकणला आले, कारण सोमवारपासून व्हॉल्व्हचा तिसरा लॉट सुरू व्हायचा होता. पहिले दोन नापास झाले होते. हाही नापास झाला तर आमची खोली बंद, असं शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

खोली म्हणजे शेडच्या कोपऱ्यात काचा लावून केलेली बारा बाय दहाची जागा. बाहेर मोटारसायकलची ब्रॅकेटं बनतात. मी वीस वर्षं ती ब्रॅकेटं तपासली. मग दोन वर्षांपूर्वी शेठ मोतीबिंदू काढायला पिंपरीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले आणि येताना डोळ्यापेक्षा बारीक काम घेऊन आले. बाईंना कळलं की या माणसाचा कारखाना आहे. तपासणी बाजूला ठेवून त्यांनी खणातून एक ड्रॉइंग काढलं.

काम होतं काचबिंदूचं. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि झिरपून बाहेर जातं. बाहेरची वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, म्हणून कळत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. औषधाचे थेंब रोज, वर्षानुवर्षं घालावे लागतात. डॉक्टर म्हणायच्या, "माझा पेशंट आठवड्याला शिफ्ट बदलतो. सकाळचा थेंब कुठला आणि रात्रीचा कुठला, हे तो विसरला तर त्याला रागवू तरी किती?" ज्यांचं थेंबांनी भागत नाही, त्यांच्या डोळ्यात एक बारीक नळी बसवतात. पण नुसती नळी बसवली तर सगळंच पाणी निघून जाईल आणि डोळा पिचकेल. म्हणून नळीच्या तोंडाशी सिलिकॉनच्या दोन पातळ पडद्यांचा व्हॉल्व्ह लागतो. दाब वाढला की पडदे उघडायचे, उतरला की मिटायचे. असे व्हॉल्व्ह बाहेरून येतात, पण महाग. डॉक्टरबाईंनी पडद्यांची वेगळी ठेवण शोधली होती आणि ती त्यांना इथेच करून पाहायची होती.

पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो चिमट्यानं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली बसवायचा. वयाच्या पन्नाशीत मला हे काम मिळालं आणि खरं सांगायचं तर नोकरीत पहिल्यांदाच मला सुट्टीपेक्षा कामाचा दिवस बरा वाटू लागला. खोली बंद म्हणजे मी परत ब्रॅकेटवर. मला ते नको होतं.

चाचणी सोपी आहे. उभ्या काचेच्या नळीच्या बुडाशी व्हॉल्व्ह जोडायचा, वरपर्यंत मिठाचं पाणी भरायचं आणि तोटी उघडायची. पाणी उतरत जातं आणि पडदे मिटले की थांबतं. नळीवर दोन तांबड्या रेघा आहेत. त्यांच्या मध्ये थांबलं तर पास. खालच्या रेघेच्या खाली गेलं तर डोळा मऊ पडणार, वरच्या रेघेच्या वरच अडलं तर डोळ्यातला दाब तसाच राहणार. आमचे निम्मे व्हॉल्व्ह वरच अडत होते. पडदे चिकटत होते, पण कशानं ते कळत नव्हतं. पडद्याचा माल बदलला, साचा बदलला, डॉक्टरबाईंनी स्वतःचं ड्रॉइंगसुद्धा बदललं.

त्या गुरुवारी आमच्या जुळणी करणाऱ्यांपैकी एक आला होता, सगळे त्याला भाऊ म्हणतात. मूळचा लातूरकडचा, हात असा स्थिर की चहाचा कप भरून दिला तरी थेंब सांडत नाही. त्याचे पाच व्हॉल्व्ह अर्धवट राहिले होते. दुपारी बाराला त्यानं ते पूर्ण केले आणि दारातून विचारलं, "मॅडम, आज कंप्रेसर बंद हाय. हवा कशी मारू?"

हवा मारणं हे ज्याला माहीत नाही तो आमच्या पट्ट्यातला नव्हे. भाग मशीनवरून उतरला की त्यावर हवेची गन धरायची. कचरा उडतो, भाग कोरडा होतो, मगच तो तपासणीला जातो. कंप्रेसर बाहेरच्या शेडचा. सुट्टीला शेड बंद, म्हणजे हवाही बंद.

"राहू दे," मी म्हटलं. "गाळलेल्या पाण्यात बुडवून काढ आणि झाकून ठेव. सुकले की आण."

"बिगर हवेचं कसं चालंल?" त्याला ते अजिबात पटलं नव्हतं.

"आज स्टँड तपासायचाय रे, व्हॉल्व्ह नाही."

तीन वाजता पहिला लावला. पाणी उतरलं आणि दोन रेघांच्या मध्ये थांबलं. दुसराही मध्ये. तिसराही. मला वाटलं स्टँडच बिघडला. नळी पुन्हा उतरवली, पुन्हा भरली आणि मागच्या लॉटमधला नापास व्हॉल्व्ह लावला. तो वरच अडला, म्हणजे स्टँड ठीक होता. उरलेले दोन लावले. पाचही पास.

भाऊ बाकावर बसला. "मॅडम, आज असं काय केलं आपण?"

"काय केलं ते नाही. काय नाही केलं ते बघ."

तो भिंतीवरच्या हवेच्या गनकडे बघत राहिला.

शुक्रवारी कंप्रेसर सुरू झाल्याबरोबर मी त्या पाचातला एक घेतला, नेहमीसारखी हवा मारली आणि तासाभरानं लावला. पाणी वरच्या रेघेच्या बोटभर वर अडलं. दुसऱ्याचंही तेच. मग पर्समधला आरसा काढून त्यावर मिनिटभर गन धरली. डोळ्यांना काही दिसलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सगळीकडे बारीक बारीक थेंब. कंप्रेसरचं तेल. फिल्टर होता, तो धूळ अडवायचा, तेलाची वाफ नाही. ब्रॅकेटला त्या तेलाचा फायदाच, गंज लागत नाही. सिलिकॉन मात्र ते पिऊन घेतं आणि चिकट होतं.

भाऊचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच खराब करीत व्हतो?"

"तू नाही. मी करायला लावत होते."

आणि ते खरंच होतं. हवा मारल्याशिवाय एकही पीस माझ्या टेबलावर यायचा नाही, हा नियम माझा. भाऊ सगळ्यांत नीट काम करणारा, म्हणून सगळ्यांत जास्त हवा तोच मारायचा. त्याचेच व्हॉल्व्ह सगळ्यांत जास्त नापास होत होते आणि मी त्याला हात धुऊन ये म्हणून टोकत होते.

शेठ चिंचवड गावठाणातले. त्यांना आरसा दाखवला. त्यांनी तो आधी सरळ पाहिला, मग उलटा पाहिला आणि मोठ्यानं हसले. "आवो ताई, वीस वर्षं तुमीच पोरांच्या मागं लागल्या, हवा मारली का, हवा मारली का! आता काय, तोंडानं फुंकायचं?"

"फुंकायचं तर मुळीच नाही. थुंकी उडते."

"मग सुकवायचं कसं?"

"पाण्यातून काढून, झाकलेल्या काचेच्या ताटात, रात्रभर."

"रातभर? एका पीसला?"

"सगळ्यांना एकच रात्र लागते शेठ. आणि रात्री तुमची ती मशीनं काय करतात? झोपलेलीच असतात ना?"

"करा," ते म्हणाले. "पर हा शेवटचा. मी रॅक सांगून ठिवलेत. पास झालं न्हाई तर खोलीत पॅकिंगचे खोके."

डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तीन महिने माझं ड्रॉइंग खोडत बसले आणि तुम्ही तिथे हवा मारत होतात?"

"हो."

"बरं. जुनं ड्रॉइंग काढा. ते चांगलं होतं."

त्याच दिवशी भाऊनं पाना घेऊन खोलीतली हवेची लाइन तोडली आणि तोंडाला बूच मारलं. तरी पहिले चार दिवस व्हॉल्व्ह पुरा झाला की त्याचा अंगठा आपोआप दाबला जायचा, हातात गन असल्यासारखा. मी बघतेय असं दिसलं की तो हात खिशात घालायचा.

लॉट तयार झाला त्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः आल्या. मला हात लावू दिला नाही. ताटातले कुठलेही बारा व्हॉल्व्ह त्यांनी डोळे मिटून उचलले, स्वतः जोडले, स्वतः तोटी उघडली. शेठ काचेला नाक लावून बाहेर उभे. पहिला मध्ये थांबला. दुसरा, तिसरा, चौथा. सातव्याला पाणी वरच्या रेघेशी रेंगाळलं. पाणी आणखी कणभर उतरलं आणि रेघेच्या खाली येऊन थांबलं. बाराव्याला बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"बाराच्या बारा," त्या म्हणाल्या. "उरलेले बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू. त्यांनी पास केले तर पुढच्या चाचण्या. माणसाच्या डोळ्यापर्यंत जायला अजून खूप वेळ आहे, हे विसरू नका."

"विसरत नाही. पण तोपर्यंत कुठे बनणार?"

त्यांनी काचेपलीकडे शेठकडे पाहिलं. नेमका तेव्हाच रॅकचा टेम्पो फाटकात येऊन उभा होता. शेठ ड्रायव्हरला म्हणाले, "बाहेर भिंतीला लाव बाबा. आत जागा न्हाई."

बाहेरचा रिपोर्ट जानेवारीत आला. सगळे पास. शेठनी पेढे वाटले, ब्रॅकेटच्या लाइनवरसुद्धा. भाऊनं दोन घेतले आणि म्हणाला, "एक माझा, एक कंप्रेसरचा. त्यो तर खाणार न्हाई." आणि दोन्ही खाल्ले. मी त्या दिवशी शेठकडे अजून एक सूक्ष्मदर्शक मागितला, तो मिळाला. माणसं मागितली, तर म्हणाले, पॅकिंगमधून उचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकिंगमधल्या दोघींना खोलीत आणलं, बांगड्या काढायला लावल्या, हात धुवायला लावले आणि पडदा चिमट्यानं कसा उचलायचा ते दाखवलं. पहिलीनं पाठोपाठ चार फाडले आणि रडवेली झाली. "फाड अजून," मी म्हटलं. "मी पहिल्या आठवड्यात एकोणीस फाडले होते." आणि तिच्यापुढे नवी डबी उघडली.