दोन खोक्यांचे मफिन

“आता इकडंच राहायला ये,” म्हणणाऱ्या लेकीने परदेशातून पाठवलेलं मफिनच्या पिठाचं खोकं आज फोडलं, आणि व्हॅनिलाच्या वासाबरोबर रोह्याची शेजारची मावशी आठवली. ती मुलाकडे इस्रायलला कायमची निघाली होती. मुलाने धाडलेलं खोकं बरं की नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या दुकानातलं, हे बघायला आम्ही दोन कुकरांत मीठ तापवून पिठाच्या वाट्या ठेवल्या. पण मावशी सारखी झाकणं उघडत होती. “मावशी, खाली बसतील गो ते!” मी ओरडले. “जीव राहत नाय. त्याचं फसलं तर त्याला सांगीन, तिकडचं मला जमायचं नाय.” शेवटी दोन्ही कुकरांतले मफिन सारखेच खाली बसले. तिने दोन्ही चाखले आणि ती म्हणाली, “चव पण एकच. आता जायलाच लागणार.” माझ्या ओव्हनला काचेचं दार आहे, आतलं सगळं दिसतं; तरी मी ते सारखी उघडतेय.