एक जूनची माणसं

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या भागातली निम्मी जनता एकाच दिवशी, एक जूनला, जन्मलेली आहे. मीही त्यातलाच. आईला विचारलं तर म्हणायची, "तू झालास तवा कापसाची वेचणी चालू होती." आता वेचणी जूनमध्ये कुठून येणार? पण शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि एक जून लिहून टाकलं. सहा वर्षं पूर्ण, विषय संपला.

हे इतकी वर्षं कुणाला खुपलं नव्हतं. ते खुपलं आमच्या विद्यापीठाच्या संगणकाला. विद्यापीठाची संकुलं चार गावांत. केजच्या संकुलात विद्यार्थ्यांचे क्रमांक माझ्या टेबलावरून जायचे. पूर्वी प्रत्येक संकुल आपापला क्रमांक द्यायचं. मग वरून हुकूम आला: एक माणूस, एक क्रमांक, तोही जन्मभराचा. यंत्राने नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळवली आणि जुळेल त्याला एकमेकांत मिसळून टाकलं.

त्यात आमच्या गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी सापडली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. सिरसाळ्याच्या संकुलात तिच्याच नावाची, तिच्याच वडलांच्या नावाची आणि आडनावाची एक मुलगी होती. बी.ए.चं दुसरं वर्ष पास होऊन, लग्न करून घरी बसलेली. दोघींचा जन्म अर्थातच एक जून, सालही तेच. यंत्राच्या मते एकच बाई दोन गावांत दोन पदव्या घेत होती. त्याने हॉलतिकीट अडवलं.

"साहेब, परवा पेपर हाय," दुकानदार म्हणाले. "पोरीचं वरीस जाईल." मुलगी ओढणीचं टोक पिळत होती.

मी मुख्यालयातल्या इंजिनिअरला फोन लावला. तो चक्रावलेलाच होता. "सर, तुमच्याकडे हजारो लोकांची तारीख एक जून आहे. सिस्टीमने डिफॉल्ट टाकलेली दिसते."

"सिस्टीमने न्हाई, गुरुजींनी," मी म्हणालो.

मग त्याने नियम सांगितला: दोघी एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर बसल्या, तरच क्रमांक वेगळे होतील.

दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याहून जीप करून ती लग्न झालेली मुलगी आली आणि तिच्यापुढे दोन पावलं तिची सासू. आडत दुकानाच्या मालकीणबाई. दारातूनच आवाज आला, "आमच्या सुनेच्या नावावर कोण परीक्षा देऊ लागलंय? दाखवा मला!"

मी दुकानदारांची मुलगी दाखवली. बाईंनी तिला वरून खाली न्याहाळलं. "लई वाळलीय. जेवती का न्हाई?" म्हणाल्या आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातात कोंबला.

दोघी बाकावर शेजारी बसल्या. एकाच नावाच्या, एकमेकींकडे चोरून बघत हसणाऱ्या. पडद्यावर इंजिनिअर म्हणाला, "नाव सांगा." दोघींनी एकदमच सांगितलं. मी तोंडाला रुमाल लावला. शेवटी त्याने दोन चेहरे पाहिले, दोन आधार कार्डं पाहिली, खटाखट बटणं दाबली, आणि आमचा प्रिंटर घरघरला. हॉलतिकीट हातात पडताच दुकानदारांनी ते आधी कपाळाला लावलं, मग मुलीला दिलं.

सून ते हॉलतिकीट मान तिरकी करून वाचत होती. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

मी आवराआवर करत विचारलं, "सर, मग ह्या सूनबाईंचा जुना क्रमांक बंद करायचा का?"

"छे, तो जन्मभराचा आहे," इंजिनिअर म्हणाला. "दोन वर्षं पास आहेत त्या. तिसऱ्याला कधीही बसू शकतात."

सून खाली मान घालून उठायला लागली. सासूबाईंनी तिला खांद्याला धरून परत बाकावर बसवलं आणि पडद्यावरच्या त्या इंजिनिअरवर कडाडल्या, "मंग आमच्या सूनबाईचं हॉलतिकीट कवा निघायचं?"