पाऊस नसताना छत्री

आजकाल तंजावुरात भर दुपारी एखादी बाई छत्री उघडून चालली तर कोणी मान वळवून बघत नाही. मला ते बघून अजून बरं वाटतं. मी चाळिशीत होते तेव्हा असं नव्हतं. गल्लीत केबलच्या तारा नुकत्या आल्या होत्या, आमची लेक बी.कॉम. होऊन कम्प्यूटरच्या क्लासला जायला लागली होती, म्हणजे जग पुढं चाललंच होतं. पण पाऊस नसताना छत्री धरायची ती पेन्शनीतल्या पुरुषांनी. बाईनं धरली तर तिला काहीतरी झालंय, नाहीतर तिला मिरवायचंय.

मला झालं होतं. पापनाशमच्या पुढं एका खेड्यात मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायची. रोज बसनं पापनाशमला उतरायचं, एक लांबलचक गल्ली चालून जायचं, आणि मग कालव्याच्या बांधावरून मैलभर. भातशेतात सावली कुठली? नारळ आहेत म्हणा, पण नारळाची सावली नारळालाच पुरत नाही. त्या वर्षी उन्हाळा लागला आणि माझ्या गालांवर, मनगटांवर लाल चट्टे उठले. आधी आग, मग फोड. मी साबण बदलला, कुंकू बदललं, हळद लावली, कडुनिंब लावला. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ऊन बाधतंय तुम्हाला. दुसऱ्याला लागणारं नाही, घाबरू नका. पण छत्री धरा, नाहीतर नोकरी सोडा."

नोकरी कशी सोडायची? दोन मशीनं, वीस मुली, आणि त्यातल्या निम्म्या माझ्यामुळं घराबाहेर पडत होत्या. मी छत्री घेतली. तीन घड्यांची, निळ्या फुलांची, पिशवीत मावणारी. तेव्हा तसल्या नव्याच निघाल्या होत्या.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती उघडून बघितली, मिटून बघितली.

"उत्सवात देवावर छत्र धरतात," त्या म्हणाल्या. "वरातीत नवऱ्यावर धरतात. सिनेमातल्या नटीवर धरतात. तू ह्यातली कोण गं?"

"मी ऊन बाधलेली," मी म्हटलं.

"काळी झालीस तर झालीस. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, आता कोण बघायला येणार आहे तुला?"

रागानं नव्हत्या बोलत. लोकांना घाबरत होत्या. म्हणून मी मधला मार्ग काढला. आमच्या गल्लीतून छत्री पिशवीत, बस सुटली की मांडीवर, आणि पापनाशमला उतरले की डोक्यावर. पंधरा दिवसांत चट्टे बसले. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात लेकीला स्थळ आलं, तेही पापनाशमचंच. आमच्यासारखेच पिढ्यान्पिढ्या इथले मराठी लोक, मुलगा मद्रासला नोकरीला, माणसं साधी. पत्रिका जुळली. लेकीनं फोटो बघितला आणि पुस्तकात ठेवला, परत दिला नाही, त्यातच मी समजले. आमच्यात मुळात घरं थोडी. मराठी बोलणारं घर, शिकलेला मुलगा आणि लेकीची पसंती, तिन्ही एका ठिकाणी मिळणं म्हणजे देव पावणं.

आणि मग तिकडून काही येईना. एक आठवडा, दोन आठवडे. शेवटी मध्ये पडलेली माझी चुलत नणंद आली, पाणीही न पिता बसली.

"वहिनी, रागावू नका. तुम्ही छत्री घेऊन त्यांच्या दारावरून जाता म्हणे रोज?"

"त्यांचं दार त्या गल्लीत आहे? मला काय ठाऊक!"

"त्यांना आता कळलंय की ती बाई म्हणजे तुम्ही. मुलाची आई विचारते, पाऊस नाही पाणी नाही, मुलीची आई तोंड कशाला लपवते? अंगावर कोड आहे का? असेल तर सांगून टाका म्हणतात."

आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं आणि तशाच परत आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज मी म्हणेन, कोड असतं तरी काय गुन्हा होता? तेव्हा हे म्हणायची छाती नव्हती. तेव्हा एकच दिसत होतं, माझ्या डोक्यावरच्या त्या निळ्या फुलांपायी लेकीचं स्थळ चाललं.

मग मी काय शहाणपणा करावा? छत्री कपाटात टाकली, आणि त्यांचं दार कुठलं ते नणंदेकडून विचारून घेतलं. म्हटलं, उघड्या तोंडानं, कोपरापर्यंत हात उघडे टाकून त्यांच्या दारावरून जाते. बघा म्हणावं, कुठं आहे कोड! सकाळी हळू चालत गेले, दुपारी त्याहून हळू चालत आले. तिण्णैवर, त्यांच्या दारच्या ओट्यावर, कोणी असलं तर मुद्दाम तोंड तिकडं करायची. चार दिवस केलं हे. चौथ्या दिवशी माझं तोंड असं उठलं की शाळेतल्या मुली सुई टाकून बघत बसल्या. डोळे सुजून अर्धे मिटलेले, गालावर फोड. दाखवायला गेले होते की काही नाही, आणि आता सगळंच दिसत होतं.

परतताना म्हटलं, पदर ओढून पळत जावं. पण त्या दुपारी मुलाची आई दारातच उभी होती. उंच बाई, कपाळाला मोठं कुंकू. तिनं मला थांबवलं.

"अहो, तोंडाला काय झालं तुमच्या?"

मला रडू फुटलं. रस्त्यात उभी राहून मी सगळं सांगितलं. ऊन बाधतं, कोड नाही, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पिशवीत आहे, वाचा.

तिनं चिठ्ठी घेतलीच नाही. "मग छत्री कुठं गेली? रोज असायची ती?"

"तुमच्यामुळं ठेवली घरी!"

तिनं मला हाताला धरून आत सावलीत नेलं, बसवलं, गार ताक दिलं, ओलं फडकं गालावर ठेवलं.

"मी विचारलं हे खरं," ती म्हणाली. "पण मला सरळ तुम्हालाच विचारता आलं असतं. रोज दारावरून तर जात होतात. दुसरीच्या तोंडून विचारलं, ही चूक माझी. आणि बाई, तुम्हीही काय! लग्न मुलाचं आणि मुलीचं, तोंड तुमचं कशाला भाजून घेतलंत?"

मी हसले तर फोड ताणले, म्हणून हसू आवरलं. ताकाचा दुसरा पेला येईपर्यंत मुलीला बघायला यायचा वार ठरला होता.

निघताना तिनं खुंटीवरची यजमानांची छत्री काढली. काळी, लाकडी मुठीची, दोघींना पुरेल एवढी.

"ही धरून जा. ह्या गल्लीत ही छत्री कोणाची, सगळ्यांना ठाऊक आहे. आता विचारू देत कोणाला विचारायचंय ते."

गल्लीभर तिण्ण्यांवरची माणसं बघत होती, आणि मी सुजलेलं तोंड घेऊन त्या काळ्या सावलीतून बस स्टँडपर्यंत गेले. तसं निवांत मी कितीतरी दिवसांत चालले नव्हते.

बसनं त्या दिवशी उशीर केला. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, म्हणून छत्री मिटूनच आणली. आत्याबाईंनी आधी माझं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग छत्री बघितली.

"ही कोणाची?"

"व्याह्यांची," मी म्हटलं. "मंगळवारी येतायत मुलीला बघायला."

आत्याबाई खाली बसल्या. डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि एकदम उठल्या.

"गल्लीतून उघडून आलीस की मिटून?"

"मिटून. ऊन कुठं आहे आता?"

"उनाला काय विचारतेस! चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

आणि चपला घालून त्याच पुढं निघाल्या. छत्री मी धरली होती, पण कोपऱ्यावर जाईपर्यंत त्यांनी मूठ माझ्या हातातून कधी घेतली ते मला कळलंही नाही.